दिवस भरले, बाळ काही येईना! शेवटचे आठवडे कसे काढलेत?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री २.४०

या वेळेला मी जागी आहे यावरूनच काय ते समजा. ३९ आठवडे २ दिवस. डाव्या कुशीवर कंबर धरते, कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं, आणि बसलेच आहे तर एकदा बाथरूमला जाऊन येऊ म्हणून जाते. हे रात्रीतून पाच वेळा.

पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी सांगलीला आलेय. नवरा बंगळुरात, एक बॅग भरून तयार. आले तेव्हा मजा होती. डोहाळजेवण, हिरवी साडी, झोपाळ्यावरचे फोटो. आता करण्यासारखं काही उरलेलंच नाही. झबली-टोपडी, दुपटी धुऊन पंख्याखाली वाळवली (ऊन आहेच कुठे), घड्या घातल्या. आईने डिंक आणि अळीव आणून ठेवलेत. दवाखान्याची बॅग तीनदा भरली, दोनदा उपसली.

घरात सध्या दोन मोजण्या चालू आहेत. आई दिवस मोजते आणि बाबा फूट. घर गावभागात. २०१९ ला पाणी जिन्याच्या आठव्या पायरीपर्यंत आलं होतं, तेव्हापासून पाऊस लागला की बाबा चहाच्या आधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग बघतात. आज २४ फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. माझा दवाखाना मिरजेत. बाबांनी जाहीर केलंय की ३० फूट झालं की मी आणि आई मिरजेला मावशीकडे. मी म्हटलं, बाळालाही रोज पातळी कळवत जा, म्हणजे त्यालाही ठरवता येईल.

पण खरा वैताग फोनचा. "काय, झालं का?" आणि नाही म्हटलं की "अजून नाही??" जसं काही मीच अडवून धरलंय!

तर मंडळी, हे शेवटचे दिवस कसे काढलेत? आणि कळा सुरू झाल्या हे नक्की कसं ओळखायचं? जिला विचारावं ती म्हणते, "कळतं गं आपोआप." मला पोटात वारा धरला तरी मी घड्याळ लावून बसते.

---

रानमेथी | मंगळवार, सकाळी ९.१५

एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांत, एक पाठीशी. नवऱ्याला उशी उरत नाही, पण तो बंगळुरात आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

फोनसाठी मी व्हॉट्सॅपला स्टेटस ठेवलं होतं: "अजून नाही. झालं की मीच कळवेन." तरी आत्याने त्याच स्टेटसला उत्तर दिलं, "झालं का गं?"

झब्बू | मंगळवार, सकाळी ९.२२

धागा उघडून सात तास होत आले. झालं का?

(पळतोय)

दोन_पिल्लांची_आई | मंगळवार, दुपारी १२.४०

झब्बू, तुला उठाबशा.

कृष्णाकाठ, "आपोआप कळतं" म्हणणाऱ्या बायका विसरलेल्या असतात गं. मला पहिल्या वेळी मुळीच कळलं नाही. दोनदा रात्री रिक्षा करून दवाखान्यात गेलो आणि दोन्ही वेळा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तर सिस्टर म्हणाल्या, "आलात का परत?" रिक्षावालाही तोच होता. बिचाऱ्याने परतीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, खरंच झालं की पेढे द्या.

मग अनुभवाने समजलं ते सांगते. खोट्या कळा पोटाच्या पुढच्या भागात येतात, पोट दगडासारखं होतं, पण त्यांना ताल नसतो. एक आत्ता, एक वीस मिनिटांनी, मग चार मिनिटांनी. पाणी प्यायलं, जरा फिरलं, कूस बदलली की बऱ्याचदा जातात. खरी कळ मागून, कमरेतून निघते आणि पुढे येते. तुम्ही चाला, बसा, रागवा, ती आपल्या वेळेवर येतेच, आणि दर वेळी थोडी लवकर आणि थोडी जास्त जोरात. माझी खूण अशी की खोट्या कळेत मी नवऱ्याशी भांडू शकत होते. खऱ्या कळेत वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मुलगा तारखेनंतर पाचव्या दिवशी झाला. मुलीच्या वेळी मात्र भाजी फोडणीला टाकली होती, ती जाऊबाईंनी उतरवली.

पांढराकोट | मंगळवार, दुपारी ३.५५

ओपीडी संपल्यावर लिहिते आहे. वरची वाक्य तुटण्याची खूण अगदी खरी आहे, आम्हीही पेशंटचं बोलणं ऐकतच असतो. खोट्या कळांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात, या इंग्लिश डॉक्टरने १८७२ साली त्यांचं वर्णन केलं.

आधी त्या तारखेबद्दल. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरून ९ महिने ७ दिवस, म्हणजे २८० दिवस. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने हा हिशोब ओळखला जातो आणि तो २८ दिवसांची पाळी गृहीत धरतो. नेमकी त्या तारखेला होणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. ३९ ते ४१ आठवड्यांच्या मधलं बाळ पूर्ण दिवसांचं, वेळेवरच आलेलं. त्यामुळे कृष्णाकाठ, तुम्हाला उशीर झालेलाच नाही. आत्याबाईंना सांगा.

पहिलटकरणीसाठी आमचा ढोबळ नियम: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची आणि हे तासभर टिकलं की निघा. पण हा नियम जवळ राहणाऱ्यांसाठी. वाटेत पूल असेल आणि पाणी चढत असेल तर तासभर मोजत बसू नका. तुमचे बाबा बरोबर आहेत.

पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा एकदम सुजला, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर काहीही न मोजता निघायचं. "शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं" हे ऐकलं असेल, तर विसरा. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होता कामा नये. शंका आली तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. नाही झाल्या तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

डॉक्टर, तारखेला काही अर्थ नाही म्हणता, मग आमच्या ओळखीत प्रत्येकीला ३९ व्या आठवड्यात "ॲडमिट व्हा, कळा आणायचं जेल लावू" असं का सांगतात? आणि तिथून सिझर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात २१.५ टक्के सिझर, खासगी दवाखान्यांत ४७.४, सरकारीत १४.३. बायका तर त्याच आहेत, दवाखाना बदलला की पोट बदलतं का?

पांढराकोट | मंगळवार, रात्री ९.३०

आकडे बरोबर आहेत आणि ते माझ्या व्यवसायाला शोभणारे नाहीत, हे मान्य. पण जेल लावलं की सिझर, हे दर वेळी खरं नाही. अमेरिकेत पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास झाला, २०१८ ला प्रसिद्ध झाला. त्यात ३९ आठवड्यांना कळा आणवलेल्या गटात सिझर किंचित कमी निघाले, २२.२ ऐवजी १८.६ टक्के. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात तसंच होईल असं मी म्हणणार नाही. बाळ-आई ठणठणीत असतील तर मी स्वतः ४१ पर्यंत थांबते, मधे एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) आणि बाळाभोवतीचं पाणी बघत. कारण विचारायचा हक्क पेशंटला आहे. "का?" एवढंच विचारा. ज्याच्याकडे कारण आहे तो सांगतो.

अर्धाकप | मंगळवार, रात्री १०.०५

आणि मुहूर्ताचे सिझर? माझ्या नणंदेच्या बाळाची वेळ गुरुजींनी सकाळी ११.४२ काढून दिली होती. भूलतज्ज्ञ वाहतुकीत अडकले, बाळ १२.१० ला झालं. आता पत्रिका कोणती खरी यावर दोन्ही घरांत अजून चर्चा चालू आहे.

पेठेतला | मंगळवार, रात्री ११.२०

बापाच्या बाजूनेही कोणीतरी लिहा की राव. मीच लिहितो.

आमची तारीख ऐन गणपतीत. मी दोन आठवडे आधी दवाखान्यापर्यंतचे तीन रस्ते बाइकवरून वेळ लावून पाहिले होते. लक्ष्मी रोडने १२ मिनिटं, नदीकाठाने १५, उलटं फिरून १९. कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. बायको हसायची.

कळा सुरू झाल्या अनंत चतुर्दशीला रात्री साडेदहाला. तिन्ही रस्ते बंद. रिक्षा यायला तयार नाही. शेवटी सोसायटीतल्या एका काकांनी गाडी काढली आणि मी पुढे चालत, हात जोडत, "बाळंतीण आहे, बाळंतीण आहे" ओरडत. एका पथकाच्या पोरांनी ताशा थांबवला, दोरी धरली आणि गाडीला वाट करून दिली. एक जण काचेतून डोकावून म्हणाला, "वहिनी, बाप्पा मोरया!" बायकोने काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

शंकासुर | मंगळवार, रात्री ११.३१

पेठेतला, बाळ अजून व्हायचं होतं ना, मग बाळंतीण कशी? गरोदर म्हणा.

पेठेतला | मंगळवार, रात्री ११.३३

त्या वेळी व्याकरण सुचलं नाही बुवा, माफी असावी.

राजापूरची_गंगा | बुधवार, सकाळी ६.२०

तुम्हा मुलींचं वाचून मला माझा १९७९ चा आषाढ आठवला. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमचं सासर राजापूर तालुक्यात आत. पाऊस लागला की वाट बंद. सासूबाईंची चार बाळंतपणं घरातच सुईणीच्या हातून झालेली, पण एक मूल दगावलं होतं. त्या स्वतः म्हणाल्या, हिला राजापुरात नेऊन ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाशी मला डोलीत घालून सडकेपर्यंत आणलं, तिथून एसटी. राजापुरात चुलत सासऱ्यांकडे राहिले. २६ दिवस!

परक्या घरी वाट बघणं काय असतं ते सांगते. फार बसता येत नाही, फार काम करता येत नाही, आणि भूक लागली असं म्हणायची लाज. मी त्यांच्या ओटीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलायची. त्या वर्षी त्यांच्या घरी आठळ्यांची भाजी किती झाली असेल! अर्जुना नदी चढली की खाली बाजारात पाणी शिरायचं, तेव्हा ती माणसं दुकानातलं सामान वर आणायची आणि मी मात्र कोपऱ्यात बसलेली, कुणाच्या उपयोगाची नाही.

"झालं का" विचारायला तेव्हा फोन नव्हता. सासरी मुलगी झाल्याचं पोस्टकार्ड पोचलं ते सहाव्या दिवशी, पाचवी पुजून झाल्यावर. तुम्हाला फोनचा त्रास होतो हे खरं आहे बाळा, पण मला त्या २६ दिवसांत कुणी एकदा जरी विचारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

रानमेथी | बुधवार, सकाळी ८.४५

काकू __/\__ . आत्याचा फोन आज मी स्वतःहून लावते.

नवखाबाप | बुधवार, सकाळी ११.१०

वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. आमचे ३६ आठवडे ५ दिवस. बॅगेत नक्की काय काय भरायचं? बायको म्हणते अजून तीन-साडेतीन आठवडे आहेत, शनिवार-रविवार बघून भरू.

दोन_पिल्लांची_आई | बुधवार, सकाळी ११.५०

नवखाबाप, शनिवारची वाट बघू नका. पुढून उघडणारे दोन गाऊन, बाळंतिणीचे मोठे पॅड, जुन्या सुती साडीची धुतलेली दुपटी, टोपडं, मोजे, सगळ्या सोनोग्राफीची फाइल, आधार, विम्याचं कार्ड, लांब वायरीचा चार्जर आणि तुमच्यासाठी खायला काहीतरी. बाप उपाशी राहिला की चिडतो आणि ते बघायला कुणाला वेळ नसतो. नवीन कपडे धुतल्याशिवाय बाळाला घालू नका.

अर्धाकप | बुधवार, दुपारी १.१५

सासूबाई रोज भातावर पळीभर तूप वाढतात, "बाळ सुळ्ळकन येतं." आईने खजूर सुरू केलाय. शेजारच्या आजी एरंडेल घे म्हणतात. मी पण ३८ आठवडे आहे बरं का, सांगायचं राहिलं. तुपाने मी सुळ्ळकन दारातून जायची बंद झालेय, एवढाच फरक.

पांढराकोट | बुधवार, दुपारी ४.०५

तूप पोटात जातं, बाळाच्या वाटेत नाही! खजूर खा, मधुमेह नसेल तर. एरंडेल मात्र अजिबात नको. जुलाब होतील, अंगातलं पाणी जाईल आणि कळा आल्याच तर वेड्यावाकड्या येतील.

पुष्पांजली_तीन | बुधवार, संध्याकाळी ५.३०

कृष्णाकाठ, पोट टोकदार आहे की पसरट? डोहाळजेवणात बर्फी निघाली की पेढा? मी सांगते काय होणार ते.

संपादक | बुधवार, संध्याकाळी ५.५२

बर्फी-पेढ्यापर्यंत ठीक आहे, त्यापुढचे अंदाज इथे नकोत. मुलगा-मुलगीवरचे प्रतिसाद उडवले जातील.

इंद्रावतीकाठ | बुधवार, रात्री ९.४५

राजापूरच्या काकूंचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला शिक्षक आहे. आमच्याकडे पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, कधी कधी काही दिवस. आतल्या गावांना तर वाटेत नाले किती!

म्हणून काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' असतं. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस आणि लहान मूल असेल तर तेही. जेवणाची सोय असते. म्हणजे काकूंनी १९७९ ला केलं तेच, फक्त परक्याच्या ओटीऐवजी सरकारी खोलीत.

आशाताईला मात्र मनधरणी करावी लागते. रोवणीचे दिवस, घरी बकऱ्या, नवरा म्हणतो इतके दिवस कोण बघणार. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिथे अकरा दिवस होती. मुलगी शाळा सुटली की खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची. काय विचारायची ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

स्टुटगार्टकर | गुरुवार, पहाटे ३.०५

इथे तारखेच्या सहा आठवडे आधीपासून भरपगारी सुट्टी असते. भारतात २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, त्यातले आठ आधी घेता येतात. पण बहुतेक मैत्रिणी शेवटच्या दिवसापर्यंत लॅपटॉप मांडीवर (आता मांडी कुठली, टेबलावर) घेऊन बसतात, बाळ झाल्यावर दिवस जास्त मिळावेत म्हणून.

मी सहा आठवडे घरात एकटी होते. आईचा व्हिसा तारखेनंतरचा मिळाला. हेबामे, म्हणजे इथली सुईण, तिला म्हटलं मला भीती वाटते. तिने ना गोळी दिली ना व्यायाम, म्हणाली सूप करून फ्रीझरमध्ये भरून ठेव. मी सूप कुठलं करणार! पिठलं सोडून वरण, आमटी, सगळं भरलं. १४ डबे. प्रत्येकावर चिठ्ठी. बाळंत होऊन आल्यावर नवऱ्याने चिठ्ठ्या न बघता पहिल्याच दिवशी कटाची आमटी गरम करून दिली आणि मी ती रडत रडत खाल्ली.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १.५०

सगळं वाचतेय, काकूंचा प्रतिसाद आईलाही वाचून दाखवला. आज आयर्विन २९.

एक विचारायचंय. दोन दिवस तळहात आणि तळपायांना प्रचंड खाज येतेय, रात्री जास्त. पुरळ वगैरे काही नाही. आई म्हणते पोट ताणलं की खाज येतेच, खोबरेल लाव.

पांढराकोट | गुरुवार, सकाळी ७.१०

पोटाला येते ती वेगळी. तळहात-तळपायांना, रात्री, पुरळ नसताना येणारी खाज तपासावीच लागते. यकृताची आणि पित्तरसाची रक्त तपासणी करून घ्या, आजच. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण निघालं तर या आठवड्यांत थांबायचं नसतं. इथे उत्तराची वाट बघू नका, तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

रानमेथी | शुक्रवार, सकाळी १०.००

कृष्णाकाठ, गेलीस का? काय म्हणाले?

दोन_पिल्लांची_आई | शुक्रवार, संध्याकाळी ७.४०

काही खबर?

पेठेतला | शनिवार, दुपारी १२.१५

झालं का? (हे मी विचारतोय, मला माफ करा.)

राजापूरची_गंगा | शनिवार, दुपारी ४.३०

मुलींनो, जरा दम धरा. मी मात्र सकाळपासून चारदा बघून गेले.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११.२०

अहो, नाही झालं! आणि मला आत्याच बऱ्या वाटायला लागल्यात.

डॉक्टरताई, गुरुवारीच मिरजेला गेलो. तपासण्या नॉर्मल, एनएसटी छान. फक्त खाज. पण त्या सिस्टर म्हणाल्या, बरं झालं आलात, बायका खोबरेल लावत बसतात. आईने माझ्याकडे बघितलं नाही.

परत सांगलीला गेलोच नाही, ३१ झालं म्हणून बाबांनी मावशीकडे थांबवून घेतलं. ते स्वतः घर राखायला तिकडेच. रोज सकाळी फोन करतात. आधी मी विचारते "किती?" मग ते विचारतात "झालं का?" आज ३४, आणि माझी तारीख. बाळ ढिम्म. नवरा मात्र आलाय, मावशीच्या हॉलमध्ये सोफ्यावर दुमडून झोपतो.

झब्बू | रविवार, सकाळी ११.२५

मी काही विचारलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

नवखाबाप | मंगळवार, पहाटे ४.४८

झालं.

आमचं. काल रात्री टीव्ही बघताना पाणी गेलं. ३७ आठवडे ४ दिवस. २ किलो ६००. दोघी ठीक. बॅग भरलेली नव्हती, हा धागा मोबाइलवर उघडून मेव्हण्याला वाचून दाखवला आणि त्याने घरून एकेक वस्तू आणली. चार्जर राहिला, ३ टक्के बॅटरी आहे. दोन पिल्लांच्या आई, तुम्ही म्हणालात तसं मी उपा

दोन_पिल्लांची_आई | मंगळवार, सकाळी ७.००

गेली बॅटरी! अभिनंदन हो! खाऊन घ्या आधी.

अर्धाकप | मंगळवार, सकाळी ७.२२

अभिनंदन! आणि इकडे मी रोज पळीभर तूप खातेय.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ३.१०

नवखाबाप, अभिनंदन, पण रांगेत मधे घुसलात की हो!

४० आठवडे ३ दिवस. आयर्विन २७, उतरतंय. बाबा म्हणाले आता सांगलीला परत आलात तरी चालेल. मी म्हटलं, राहू दे, आता एवढ्यासाठी कोण सामान उचलणार. मावशीने आठळ्यांची भाजी केली होती, काकू, तुमची आठवण काढली. कंबर संध्याकाळपासून जरा वेगळीच दुखतेय. मागून पुढे येते आणि जाते. पण मी अजून नवऱ्याशी व्यवस्थित भांडू शकतेय.